राजाचा सारथी

नलोपाख्यानातील एक प्रसंग मला फार आवडतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघालेला असतो. एका दिवसात कुंडिनपूर गाठावयाचे आहे, आणि रथावर सारथी म्हणून बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नलराजाच, बसलेला आहे. घोडे वाऱ्यासारखे धावत असता राजाचे उत्तरीय गळून पडते. तो म्हणतो, ‘थांब, वार्ष्णेय जाऊन घेऊन येईल.’ बाहुक शांतपणे सांगतो की ते आता योजनभर मागे राहिले. पुढे एक बेहड्याचे झाड लागते. राजा गणनेत निपुण. तो त्या झाडाची पाने नि फळे जाता जाता मोजून दाखवितो. आणि ज्याने राजाच्या वस्त्रासाठी रथ थांबविला नव्हता, तोच बाहुक आता स्वतःच्या कुतूहलासाठी रथ थांबवून खाली उतरतो. राजा काकुळतीस येऊन सांगतो की वेळ नाही. बाहुकाचे उत्तर असे : क्षणभर थांबा, फारच घाई असेल तर हा वार्ष्णेय आहे, त्याला सारथी करा आणि खुशाल पुढे जा. राजा थांबतो. दुसरे काय करणार बिचारा?

राजांच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या विमानांविषयी जे काही वाचावयास मिळते त्यात या बाहुकाला जागा नसते. शय्या कोठे होती, गालिचा कोणत्या रंगाचा होता, दूरध्वनी किती होते, भोजनाची व्यवस्था कशी होती, याची वर्णने मात्र पानेच्या पाने. जणू विमान म्हणजे पंख फुटलेला वाडाच! परंतु वाड्यात आणि विमानात एक भेद आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वाड्यात राजाचा शब्द शेवटचा असतो. विमानात पुढच्या बाजूस एक दार असते. त्या दाराच्या अलीकडे राजा राज्य करतो आणि पलीकडे त्याचाच एक सेवक. त्या सेवकाला वेतन सरकारचे, बढती सरकारची, गणवेशावरची पदकेही सरकारनेच दिलेली. आणि तरीही ‘आता खाली उतरावयाचे की नाही’ हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याचा एकट्याचा. सत्तेची अशी विलक्षण वाटणी दुसरीकडे क्वचितच झाली असेल. कोणी राजवैद्याचे उदाहरण देईल. पण औषध चुकले म्हणून राजवैद्य राजाबरोबर मरत नसे.

कोल्हापुरात बसून हा विषय सुचावा याचे काहींना नवल वाटेल. पण या गावाने राजाची वाहने जितकी पाहिली तितकी फार थोड्या गावांनी पाहिली असतील. १८७० साली आमचे तरुण राजाराम महाराज जहाजाने विलायतेस गेले. परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि तेथे त्यांची छत्री आजही उभी आहे. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत संस्थानची आगगाडी आली. १९०२ साली शाहू महाराज बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी समुद्र ओलांडून गेले. पुढच्या राजाराम महाराजांची मेबॅक मोटार दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनास निघते तेव्हा ती पाहण्यासाठी आजही दसरा चौकात गर्दी लोटते. आणि याच राजाराम महाराजांनी १९३९ साली गावापासून तीनएक कोसांवर उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सुरू केला. पुढच्याच वर्षी ते निवर्तले, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थानच मुंबई राज्यात विलीन झाले. त्या माळावरून राजाने उडावे असे दिवस फारसे उरलेच नव्हते. माळ मात्र राहिला. २०२४ च्या मार्चमध्ये तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले.

आता या सर्व वाहनांत एक गोष्ट समान होती. पालखीतून राजाने हात बाहेर काढला की भोई थांबत. बग्गीचा लगाम ओढता येई. खास गाडी स्थानकात महाराजांसाठी तास तास उभी राही, आणि मोटारीच्या हाकणाऱ्याच्या खांद्याला मागून नुसता स्पर्श पुरे होई. जहाजाचा कप्तान तेवढा थोडा ताठ, पण तोही वादळात बंदर जवळ करी. म्हणजे ‘थांब’ हा राजाचा शब्द जमिनीवर आणि बहुधा पाण्यावरही चालत असे. आकाशात तो चालत नाही, कारण तेथे थांबणेच नाही. जे वाहन थांबू शकत नाही त्यात बसणे म्हणजे आज्ञा करण्याचा निम्मा अधिकार जिन्याखाली ठेवून वर चढणे होय.

हे राजांना फार लवकर कळले असे दिसत नाही. १९३६ च्या जानेवारीत पंचम जॉर्ज वारले, आणि नवा राजा आठवा एडवर्ड दुसऱ्याच दिवशी विमानाने लंडनला आला. राज्यावर असताना विमानात बसलेला तो पहिला इंग्रज राजा. त्याच वर्षी राजघराण्याच्या विमानांसाठी इंग्लंडात स्वतंत्र तुकडी स्थापन झाली. विमानाची तुकडी टिकली, राजा मात्र वर्ष संपण्याच्या आत सिंहासन सोडून गेला. अमेरिकेचा अध्यक्ष अधिकारावर असताना प्रथम उडाला तो १९४३ च्या जानेवारीत. रूझवेल्ट पाण्यावर उतरणाऱ्या एका प्रवासी विमानातून अटलांटिक ओलांडून कासाब्लांकाच्या बैठकीस गेले. त्यांना स्वतःला विमानप्रवासाची आवड नव्हती. पायांतली शक्ती गेलेल्या या गृहस्थासाठी पुढे जे खास विमान बांधले त्याच्या पोटात चाकांची खुर्ची वर उचलून घेणारा एक पाळणा बसविला होता. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला जाण्यासाठी त्यांनी त्या विमानाचा उपयोग केला, आणि एप्रिलात ते वारले. एवढ्या खर्चाचे ते विमान त्यांच्या एकदाच कामी आले! पण वैभवाच्या सर्व वर्णनांत हा पाळणा तेवढा मला माणसासाठी केलेला वाटतो.

चर्चिलसाहेबांची गोष्ट निराळी. उंचावर हवा विरळ होते, ती त्यांच्या छातीला मानवेना, म्हणून त्यांच्यासाठी एक बंद पिंप तयार करण्यात आले. आत निजून चिरूट ओढता यावा म्हणून रक्षापात्राचीही सोय होती. ते पिंप विमानात काही मावले नाही. १९४२ च्या जानेवारीत अमेरिकेहून बर्म्यूडाकडे जाताना या गृहस्थांनी वैमानिकाच्या शेजारी बसून काही वेळ विमान स्वतः हाकलेही. समुद्राच्या मध्यावर, स्वच्छ आकाशात, कप्तान शेजारी बसलेला असताना, एवढी मुभा त्यांना मिळाली. हे औदार्य कप्तानाचे होते, पंतप्रधानांचे नव्हे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४७ च्या नोव्हेंबरात दिल्लीजवळ पालम येथे वायुदलाची अशीच एक तुकडी उभी राहिली. तिच्या आजच्या तीन मोठ्या विमानांची नावे राजदूत, राजहंस आणि राजकमल अशी आहेत. नावे ठेवणाराची रसिकता वाखाणण्यासारखी असली, तरी प्रजासत्ताकाला ‘राज’ या शब्दाची ओढ अजून किती आहे तेही त्यावरून दिसते.

आता मी पुन्हा कोल्हापूरकडे वळतो. उजळाईवाडीच्या विमानतळापासून फार दूर नाही असे वळिवडे हे गाव आहे. कोल्हापूरच्या गादीवर लहान मूल होते त्या काळात, म्हणजे १९४३ च्या मध्यास, या वळिवड्याच्या माळावर पोलंड देशाची माणसे येऊन उतरू लागली. रशियाने त्यांच्या देशाचा पूर्वभाग घेतल्यावर ज्यांना घरातून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात लोटण्यात आले होते, त्यांतली ही वाचलेली माणसे : बायका, मुले आणि म्हातारी. संख्या पाच हजारांच्या आसपास. त्यांच्या शाळा, त्यांचे प्रार्थनामंदिर, त्यांचे नाट्यगृह, सारे काही कोल्हापूरच्या उन्हात चार-पाच वर्षे नांदले. त्यांचे सरकार लंडनमध्ये होते. देश नसलेले सरकार. त्याचे पंतप्रधान आणि सेनापती व्लादिस्लाव सिकोर्स्की. त्या वर्षी एप्रिलात कातिनच्या अरण्यात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडली. सिकोर्स्की यांनी रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, आणि तेवढ्यावरून स्टालिनने त्यांच्या सरकाराशी संबंध तोडले. पुढे सिकोर्स्की मध्यपूर्वेतील आपल्या सैन्याच्या भेटीस गेले. वळिवड्यातल्या अनेक बायकांचे नवरे आणि मुलगे त्याच सैन्यात होते. तेथून परतताना ४ जुलै १९४३ च्या रात्री जिब्राल्टरहून त्यांचे विमान उडाले आणि काही क्षणांतच समुद्रात कोसळले. सिकोर्स्की गेले, त्यांची मुलगीही गेली. तिचे प्रेत मिळालेच नाही.

सारे गेले, वाचला एकटा वैमानिक. एदुआर्द प्रखल हे त्याचे नाव, जातीने झेक. विमानाचे नियंत्रण मध्येच अडकले, असे त्याने सांगितले. इंग्रजांच्या चौकशीने घातपात नव्हता असा निर्णय दिला, पण नियंत्रण का अडकले हे तिलाही सांगता आले नाही. झाले! लोकांच्या संशयाला एवढी फट पुरे. त्याने तरंगण्याचे जाकीट आधीच का घातले होते, तोच का वाचला, असे प्रश्न त्याच्या मागे लागले ते कायमचे. राजा बुडाला आणि सारथी वाचला, हे जगाला सहन होत नाही.

लग्नाचा बस्ता बांधावयास आम्ही कोल्हापूरकर आज ज्या गांधीनगरच्या पेठेत जातो, ती पेठ याच छावणीच्या जागेवर वसली आहे. पोलिश माणसे गेल्यावर तेथे फाळणीत घरेदारे सोडून आलेले सिंधी लोक आले. एका निर्वासितांच्या बराकीत दुसरे निर्वासित! शालूंचे ढीग पुढे पडलेले असताना त्या जुलैच्या रात्रीनंतर येथे काय झाले असेल, याची कल्पना मी पुष्कळदा केली आहे. आपले राज्यच जेव्हा एका माणसात उरलेले असते तेव्हा त्याचे विमान पडणे म्हणजे काय, हे या माळावर पाच हजार माणसांना एकाच वेळी कळले असले पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी रत्नागिरीस निघालो होतो. आंबा गावापाशी, घाट उतरण्याच्या आधी, आमच्या गाडीच्या चालकाने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. धुके असे की गाडीच्या दिव्यांचा उजेड हाताच्या अंतरावर भिंतीला लागावा तसा परत येत होता. पुढच्या बाकावर एक वजनदार गृहस्थ होते. त्यांना सभेला वेळेवर पोचावयाचे होते. त्यांनी आधी विनंती केली, मग आवाज चढविला, मग एका मंत्र्याचे नाव घेतले, आणि शेवटी चालकाचा बिल्ला क्रमांक कागदावर टिपून घेतला. चालक इतकेच म्हणाला, ‘‘सायेब, रस्ता दिसंना. दिसल्यावर जाऊ.’’ आणि खाली उतरून चहाच्या टपरीकडे गेला. दीड-दोन तासांनी धुके विरळ झाले, आम्ही घाट उतरलो. वाटेत दरड नव्हती, उलटलेली गाडी नव्हती, काही नव्हते. त्या गृहस्थांनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिले. जणू काही नसणे हाच चालकाच्या भित्रेपणाचा पुरावा होता.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. ज्याने ‘चला’ म्हटले आणि जो चुकला, त्याचा पुरावा दरीत पडलेला असतो. ज्याने ‘नको’ म्हटले आणि जो बरोबर होता, त्याच्यापाशी दाखवावयास काहीही नसते. जे घडलेच नाही ते तो कोणापुढे मांडणार?

ही गोष्ट सर्वांत मोठ्या किमतीला शिकावी लागली ती पुन्हा पोलंडलाच. २००८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जिया आणि रशिया यांच्यात युद्ध पेटले. पोलंडचे अध्यक्ष लेख काचिन्स्की शेजारच्या काही देशांच्या प्रमुखांना बरोबर घेऊन जॉर्जियाच्या राजधानीकडे निघाले. ठरल्याप्रमाणे विमान अझरबैजानात उतरावयाचे होते. वाटेत अध्यक्षांच्या मनाने घेतले की थेट तिबिलिसीलाच उतरावे. कॅप्टन पिएत्रूचुक याने नकार दिला. तेथल्या विमानतळाची पुरेशी माहिती नाही, आकाशात लढाऊ विमाने आहेत, मी नेणार नाही. अध्यक्ष सर्व सैन्याचे प्रमुख होते. त्यांनी ते पदही पुढे करून पाहिले. वैमानिकाने विमान अझरबैजानातच उतरविले आणि ही थोर मंडळी मोटारींतून तिबिलिसीला गेली. जो अधिकारी होतो त्याने भित्रे असून चालत नाही, अशा अर्थाचे उद्गार अध्यक्षांनी नंतर वृत्तपत्रकारांपुढे काढले. संरक्षणमंत्र्यांनी त्याच वैमानिकाला पदक दिले. एकाच नकाराला एकाच सरकारातून दोषही मिळाला आणि पदकही मिळाले!

त्या उड्डाणात त्याच्या शेजारी सहवैमानिक म्हणून आर्कादिउश प्रोतासियुक नावाचा अधिकारी बसला होता. त्याने हे सर्व पाहिले. आणि १० एप्रिल २०१० रोजी काचिन्स्की कातिनच्या हत्याकांडाच्या सत्तराव्या स्मृतिदिनासाठी निघाले तेव्हा विमानाचा मुख्य वैमानिक हाच प्रोतासियुक होता. सिकोर्स्कींनी ज्या प्रेतांविषयी प्रश्न विचारला होता त्याच प्रेतांना वंदन करण्यासाठी हे विमान चालले होते. स्मोलेन्स्कच्या धावपट्टीवर दाट धुके होते. पत्रकारांचे एक लहान विमान आधी कसेबसे उतरले होते. एक रशियन विमान प्रयत्न करून परत फिरले होते. खाली समारंभ ताटकळत होता. विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले, झाडांना लागले, आणि आतील ९६ माणसे गेली : अध्यक्ष, त्यांची पत्नी, सेनादलांचे प्रमुख, आणि लंडनमधील त्या देश नसलेल्या सरकारचे शेवटचे अध्यक्ष काचोरोव्स्की, जे स्वतः तरुणपणी रशियाच्या कोलीमा येथील छावणीत राबले होते.

या अपघाताविषयी पोलंडात अद्यापि एकमत नाही. धुक्यात विमान फार खाली आणले गेले आणि वेळेवर वर उचलले गेले नाही, असे रशियन आणि पोलिश अशा दोन्ही सरकारी चौकश्यांनी म्हटले; रशियन अहवालाने पोलिश वैमानिकांवर अधिक भार टाकला, पोलिश अहवालाने रशियन नियंत्रकांचे दोषही दाखविले. घातपातच झाला असे मानणारा एक मोठा पक्ष तेथे आजही आहे. प्रोतासियुकला कोणी ‘उतर’ अशी आज्ञा केली होती, असा पुरावा नाही. मला तर वाटते की आज्ञेची आवश्यकताच नव्हती. ज्याने दीड-दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आसनावरून एका नकाराचे काय होते हे पाहिले आहे, त्याच्या कानाशी कोणी बोलावे लागत नाही. हे माझे अनुमान आहे, आणि मेलेल्या माणसाच्या मनात शिरण्याचा अधिकार मला नाही, हे मी जाणतो. तरीही अध्यक्षाने भित्रा म्हटलेल्या त्या दुसऱ्या वैमानिकाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. त्याचा नकार योग्य होता की नाही हे कधीच सिद्ध झाले नसते. आणि सिद्ध झाले ते असे, दुसऱ्याच्या होकाराने. राष्ट्रप्रमुखांना नेणारी पोलंडची ती विमानपलटण पुढल्या वर्षी मोडून टाकण्यात आली.

आपल्या देशाचीही अशी एक रात्र आहे, आणि तिचे स्मरण आपण फारसे करीत नाही. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई वायुदलाच्या विमानाने दिल्लीहून आसामात जोरहाटला चालले होते. अंधार पडल्यावर उतरताना विमान धावपट्टी सोडून टेकेलागाव या खेड्याच्या शिवारात कोसळले. एक्याऐंशी वर्षांचे मोरारजी किरकोळ इजेवर बचावले. चालकवर्गातील पाच जण मात्र जागच्या जागी गेले. मागील माणसे वाचावीत म्हणून त्यांनी विमानाचा आघात जाणूनबुजून पुढच्या भागावर घेतला, असे सांगणारे पुष्कळ आहेत. ते तसे असो वा नसो. विमानात सारथ्याची जागा पुढे असते आणि जमीन प्रथम त्याला भेटते, एवढे सत्य मला पुरते.

मोरारजींचे नाव मराठी घरांत कसे घेतले जाते हे मी सांगावयास नको. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे गेली आणि हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक उभे आहे. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध सत्याग्रह्याने त्यांचे नाव आयुष्यभर उच्चारले नाही. ‘तो गृहस्थ’ एवढेच तो म्हणे. जोरहाटच्या अपघाताचा विषय एकदा निघाला तेव्हा हा म्हातारा बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, ‘‘त्या पाच पोरांनी कोणाला वाचवतोय हे विचारलं नसेल.’’ मला याहून अधिक काही सुचत नाही. न्यायाधीशाला, मतदाराला, इतिहासकाराला माणूस तोलून पाहण्याची मुभा असते, किंबहुना ते त्यांचे कामच आहे. सारथ्याला ती नाही. त्याच्या पाठीमागे मोरारजी बसलेले असोत की दुसरे कोणी, त्याने धावपट्टीच शोधावयाची. आणि त्या पाचांची नावे किती जणांना सांगता येतील?

याच नात्याचे एक हसरे चित्रही महाराष्ट्रातच पाहावयास मिळाले. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई या लढाऊ विमानातून उडाले. तरुणपणी त्यांना वायुदलात वैमानिक व्हावयाचे होते. पंचवीस उमेदवारांत आठ निवडले गेले आणि यांचा क्रमांक नववा लागला. तो नववा क्रमांक त्यांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी असा भरून काढला. पुढे २५ नोव्हेंबर २००९ रोजी जळगावच्या प्रतिभाताई पाटील, राष्ट्रपती या नात्याने, त्याच तळावरून तशाच विमानात चढल्या. त्यांचेही वय त्या दिवशी चौऱ्याहत्तरच. डोक्यावरचा पदर ज्यांनी कधी ढळू दिला नाही अशा या बाईंना वैमानिकाच्या पोषाखात पाहून आमच्या घरातील बायकांना काय कौतुक वाटले होते! राष्ट्रपती हा तिन्ही सेनादलांचा सर्वोच्च सेनापती. पण त्या विमानात दोनच आसने असतात, एक पुढे आणि एक मागे. आणि सर्वोच्च सेनापतींना दोन्ही वेळा मागचेच मिळाले. हे चित्र मला राजमुद्रेवर कोरण्याजोगे वाटते. येथे गालिचा नाही, शय्या नाही, मधले दारही नाही. वीतभर अंतरावर सारथ्याचे डोके आणि त्याच्यामागे निमूटपणे बसलेले राष्ट्र.

आता राहिली एक अलीकडची गोष्ट. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी पोलंडला गेले. भारताच्या पंतप्रधानाची तेथे ही पंचेचाळीस वर्षांनंतरची भेट. आधीचे पंतप्रधान १९७९ साली गेले होते, आणि ते होते मोरारजी देसाई, जोरहाटच्या शिवारातून वाचलेले. वॉर्सा शहरात वळिवड्याच्या छावणीची स्मृती जपणारे आणि कोल्हापूरचे नाव मिरविणारे एक स्मारक आहे. २१ ऑगस्ट रोजी पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. आमच्या गावाचे नाव इतक्या दूर कोरलेले पाहून त्या दिवशी कोल्हापुरात अनेकांचा ऊर भरून आला, माझाही आला.

वॉर्सातून पंतप्रधानांना युक्रेनच्या राजधानीस, कीव्हला, जावयाचे होते. शेजारी विमान उभे होते : अलीकडेच घेतलेले, क्षेपणास्त्रांपासून बचावाची साधने असलेले, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जाऊ शकणारे. पण युक्रेनच्या आकाशात युद्ध चालले होते आणि २०२२ पासून तेथे प्रवासी विमानांना वाट नव्हती. तेव्हा ते विमान पोलंडातच राहिले, आणि ऋतुपर्णाच्या देशाचा हा प्रधान शंभर वर्षांपूर्वीच्या राजासारखा आगगाडीत बसून निघाला. रात्रभर, सुमारे दहा तास, गाडी अंधारातून चालली होती. डब्याची, शय्येची आणि भिंतीवरच्या लाकडाची वर्णने दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत सविस्तर आली. इंजिन कोण हाकीत होता, ते मला कोठे वाचावयास मिळाले नाही.